चौघांचा चार्ज

एक कुत्रा पाळणाऱ्याला लोक हौशी म्हणतात. दोन पाळले की प्राणिप्रेमी म्हणतात. तिसरा आला की नातेवाईक पत्नीकडे बघून सुस्कारा सोडतात आणि चौथा आला की, ‘माणूस तसा चांगला आहे हो, पण...’ असं म्हणून वाक्य अर्धवट सोडतात. आमच्या घरात सध्या चार कुत्री आहेत. म्हणजे मी त्या अर्धवट वाक्यात राहतो. बँकेत अडतीस वर्षं नोकरी केली, रात्री जागून काही कादंबऱ्या लिहिल्या; पण साताऱ्यात आमच्या भागात पत्ता विचारताना ‘ते बँकेतले’ किंवा ‘ते लेखक’ असं सांगून उपयोग होत नाही. ‘ते कुत्रीवाले’ म्हटलं की रिक्षावाला बरोबर आमच्या फाटकाशी आणून सोडतो.

चौघांची ओळख करून देतो. सगळ्यांत ज्येष्ठ चंपी. मंडईमागच्या बोळात जन्मलेली, वय तेरा, एका डोळ्यात मोतीबिंदू, घराची खरी मालकीण. दुसरा बंड्या. पुणे-बंगळूर महामार्गावर गाडीखाली सापडून एक पाय गमावलेला. तीन पायांवर तो इतका जोरात पळतो की चौथा होता तेव्हा काय करत असेल, असा प्रश्न पडतो. तिसरी राणी, जातिवंत लॅब्रॅडॉर. तिचे मालक बदली होऊन गेले. सोफा, फ्रिज, कुंड्या सगळं ट्रकमध्ये चढलं, ही तेवढी राहिली. आणि चौथे भाऊसाहेब. ते दोन वर्षांपूर्वी आले, तेव्हाच दहा वर्षांचे होते. हे नाव माझ्या पत्नीने ठेवलं, कारण निवृत्त मुख्याध्यापक सकाळी पेपर आणायला जातात त्या चालीने ते अंगणात फिरतात.

कुत्र्यांच्या नावांवरून महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाचा इतिहास लिहिता येईल. आमच्या लहानपणी मोत्या, वाघ्या, खंड्या, टिप्या आणि राजा यांचं राज्य होतं. साहेबी वळणाच्या घरात टॉमी, टायगर, जिमी. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला आणि पुढची काही वर्षं गल्लोगल्लीच्या पांढऱ्या पॉमेरियनांना टफी म्हणायची साथ आली. २००३च्या सुमारास मोबाईल फोनच्या एका जाहिरातीत लहान मुलामागे धावणारा पग दिसला आणि नाकाने धड श्वासही घेता न येणारी ती चपट्या तोंडाची कुत्री आपल्या उन्हाळ्यात धापा टाकू लागली. आता ब्रूनो, सिंबा आणि कोको यांचा जमाना आहे. मोत्या नावाचा कुत्रा मी कित्येक वर्षांत पाहिलेला नाही.

नावं बदलली, पण कुत्र्याविषयीचं आपलं मन मात्र पहिल्यापासून दुभंगलेलं आहे. मराठी भाषेला कुत्र्याविषयी चांगलं बोलणं फारसं जमत नाही. त्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच; आंधळं दळतं तेव्हा पीठ खातं ते कुत्रंच; ना घरचा ना घाटाचा, तोही परटाचा कुत्रा; आणि मरण वाईट आलं तर ते ‘कुत्र्याच्या मौतीचं’. पण हीच भाषा बोलणारी माणसं दत्ताच्या तसबिरीसमोर हात जोडतात, तेव्हा त्याच्या पायाशी चार कुत्री असतात आणि ते चार वेद आहेत असं आपल्याला सांगितलेलं असतं. जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रा असतो. काळभैरवाचं वाहन कुत्रा. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, कारण कोरडी भाकरी त्याच्या घशाला लागेल. आणि महाभारताच्या शेवटी, भाऊ आणि पत्नी वाटेत पडल्यावर धर्मराजाबरोबर उरतो तो एक कुत्रा. त्याला सोडून स्वर्गात ये, असं इंद्र म्हणतो आणि धर्मराज रथात पाय ठेवायला नकार देतो. देवघरात चार वेद आणि दारात ‘हाड्’ अशी आपली विभागणी आहे. ती कशामुळे झाली, याचा विचार करायला मला बँकेच्या नोकरीने भरपूर वेळ दिला.

ग्रामीण शाखेतला अधिकारी वसुलीला निघाला की गावाच्या आधी गावची कुत्री त्याला ओळखतात. १९९० ते १९९५ ही वर्षं मी लातूर जिल्ह्यात काढली. त्या भागात आणि शेजारच्या सोलापूर, उस्मानाबादकडे (आताच्या धाराशिवकडे) कारवानी जातीची कुत्री पाहायला मिळतात. उंच पाय, आत गेलेलं पोट, लांब निमुळतं तोंड. पळायला लागलं की ते कुत्रं जमिनीला टेकतंय की नाही ते कळत नाही. पूर्वी सशाच्या शिकारीसाठी त्यांची ख्याती. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आणि मग ती शेत राखू लागली. त्यांचे सीमेपलीकडचे भाईबंद म्हणजे मुधोळची कुत्री. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ती जोपासली आणि २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळला मान मिळाला.

आमच्या पशुधन कर्जाच्या यादीत मात्र कुत्र्याला जागा नव्हती. गाय होती, म्हैस होती, बैलजोडी, शेळ्यामेंढ्या, कोंबड्या होत्या. मेंढ्यांच्या कर्जासाठी आलेल्या एका धनगर म्हाताऱ्याने ती यादी माझ्याकडून वाचून घेतली आणि म्हणाला, ‘‘सायेब, मेंढरं बँक दिती. पर त्यास्नी राखनारा कोन दिनार?’’ बँकेच्या भाषेत कुत्रा ही उत्पादक मालमत्ता नव्हे. तो दूध देत नाही, अंडं देत नाही, त्याला विकून कर्ज फिटत नाही. म्हाताऱ्याच्या प्रश्नाला परिपत्रकात उत्तर नव्हतं.

उत्तर त्याच जिल्ह्यात, १९९३ साली पाहायला मिळालं. त्या वर्षी मार्चमध्ये मुंबईत बॉम्बस्फोट झाले आणि त्यानंतरच्या शोधात मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ या कुत्र्याने तीन टनांहून अधिक आरडीएक्स हुडकून काढल्याची नोंद आहे. नोव्हेंबर २०००मध्ये हाडांच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा पोलीस अधिकाऱ्यांनी त्याला फुलं वाहून मानवंदना दिली. त्याचं छायाचित्र सगळ्यांनी पाहिलं आहे. सप्टेंबरमधल्या कुत्र्यांची छायाचित्रं मात्र कुणी काढली नाहीत.

२९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती पोचवून माणसं थकून झोपली होती. ३० तारखेच्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं असताना, किल्लारी आणि भोवतालच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यावरची माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. पुढे वाचलेली माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेली आणि सरकारी मदत वारसांच्या खात्यात जमा करण्यासाठी आम्हीही एका शेडमध्ये टेबल मांडलं. मृताचं नाव, वारसाचं नाव, नातं. दिवसभर तेच तीन रकाने. संध्याकाळी परतताना पडलेल्या गावावरून रस्ता जायचा. ढिगाऱ्यांवर कुत्री बसलेली असायची. प्रत्येक ढिगाऱ्यावर नव्हे. ज्याच्या त्याच्या ढिगाऱ्यावर. शेडमध्ये अन्न होतं, माणसं होती. कुत्री तिथे जायची, खायची आणि परत येऊन आपल्या घराच्या जागी बसायची. राखायला काही उरलं नव्हतं. तरी राखण चालू होती.

त्यातलंच एक पिल्लू आमच्या टेबलाखाली येऊन राहिलं. रोख रकमेची पेटी जिथे असायची, नेमकं तिथे. शिपाई त्याला ‘कॅशियर’ म्हणू लागला. काम संपून शेड हलली तेव्हा कॅशियर माझ्या जीपमध्ये चढला आणि पुढची तेरा वर्षं उतरला नाही. त्या आधी मी कुत्रा पाळलेला नव्हता. पाळायचा विचारही नव्हता.

बँक अधिकारी आणि कुत्रा यांचा संसार सोपा नसतो, कारण दर तीन-चार वर्षांनी बदली. बदलीच्या भत्त्याच्या बिलात सामानाचं वजन लिहायला जागा होती, कॅशियरला नव्हती. एकदा त्याला रेल्वेने न्यावं लागलं. तेव्हा कळलं की कुत्र्याला माणसाबरोबर न्यायचं तर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे आपल्या नावावर हवा. नाहीतर त्याने गार्डच्या डब्यातल्या पेटीत बसून जायचं. पेटीत बसवून त्याला हाक ऐकू येईल असं प्रत्येक स्टेशनावर उतरून मी त्याच्याशी बोलत गेलो. गार्डसाहेब शेवटी म्हणाले, ‘‘अहो, तुम्हीच बसा आता इथे.’’

१९९६ साली आई आमच्याकडे राहायला आली. तिचं सोवळं कडक. तिने पहिल्या दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बोटाने रेघ दाखवली आणि ‘‘मेल्या, ह्याच्या आत यायचं नाही’’ असं कॅशियरला सांगितलं. गंमत अशी की मराठवाड्यात ढिगाऱ्यातून आलेल्या त्या प्राण्याला हे पहिल्या वेळेलाच समजलं. आठ वर्षांत त्याने तो उंबरा ओलांडला नाही. आई आतून पोळीचा पहिला घास बाहेर टाकायची, हातही न लावता. गोग्रास काढायचा, तसा काकबळी आणि श्वानबळीही काढायचा असतो, असं तिचं शास्त्र होतं. शेवटचे चार महिने ती अंथरुणावर होती. कॅशियर तिच्या खाटेखाली झोपायचा. तिने त्याला एकदाही हाकललं नाही. एका दुपारी तिचा हात खाटेवरून खाली लोंबत होता आणि बोटं त्याच्या डोक्यावर होती. मी आत गेलो तर म्हणाली, ‘‘विटाळ-बिटाळ आता काय. जाताना आंघोळ घालणारच आहात.’’

कुत्र्याच्या आणि माणसाच्या या नात्याचं वय फार मोठं आहे. १९१४ साली जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथे एक पुरातन दफन सापडलं. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर एक कुत्र्याचं पिल्लू, सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचं. अलीकडे संशोधकांनी त्या पिल्लाच्या दातांचा अभ्यास केला, तेव्हा त्याला डिस्टेम्पर झाला होता असं दिसलं. ज्यांनी हा रोग पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की त्यात पिल्लू खात नाही, ओकतं, झिजतं, त्याला झटके येतात. ते पिल्लू आजारात कित्येक आठवडे जगलं होतं. म्हणजे कुणीतरी त्याला पाजत होतं, पुसत होतं, ऊब देत होतं. शेती नव्हती, गाव नव्हतं, भांडी नव्हती तेव्हाची ही गोष्ट. ते आजारी पिल्लू शिकारीला येण्याजोगं नव्हतं आणि राखणीला उपयोगी नव्हतं. आमच्या यादीप्रमाणे तीही अनुत्पादकच मालमत्ता. आपल्याकडे काश्मीरात बुर्झहोमच्या नवाश्मयुगीन वस्तीतही माणसांबरोबर पुरलेली कुत्री सापडली आहेत.

कॅशियर गेल्यावर घरात एकदम चार कुत्री आली नाहीत. ती येत गेली. एक कुत्रा असतो तेव्हा तो तुमच्या कुटुंबात राहतो. चार असतात तेव्हा तुम्ही त्यांच्या कुटुंबात राहता. त्यांचे मानपान असतात. फाटकाजवळची उन्हाची जागा चंपीची. ती उठून गेली तरी पाच मिनिटं तिथे कुणी बसत नाही. ताटल्या चार, जागा चार, आणि वाढण्याचा क्रम ठरलेला. क्रम चुकला तर भांडण. आणि कुत्र्यांच्या भांडणात हात घालायचा नसतो, मोठं पातेलं वाजवायचं असतं. राणीला सगळ्यांचं खायचं असतं, म्हणून ती खाऊन होईपर्यंत तिच्याजवळ उभं राहावं लागतं. लॅब्रॅडॉरच्या पोटाला ‘पुरे’ हा शब्द ठाऊक नसतो.

सकाळी पाचला दिवस सुरू होतो. फिरवणं दोन फेऱ्यांत, दोन-दोन करून, हातात कागद आणि पिशवी घेऊन. आपल्या कुत्र्याची घाण आपण उचलायची. ज्याला याची लाज वाटते त्याने कुत्रा पाळू नये, मांडवली नाही. मग एक मोठं पातेलं: भात, ज्वारीच्या भाकरीचे तुकडे, कोंबडीचे गळे-पाय उकडून, भोपळा किंवा गाजर, चिमूटभर हळद. कांदा, लसूण नाही. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे अजिबात नाहीत. लाडवातला एक बेदाणा प्रेमाने भरवणारे पाहुणे हा आमच्या घरातला मोठा धोका आहे. दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, वर्षातून एकदा रेबीजचं आणि बाकीची इंजेक्शनं. पावसाळ्यात रोज संध्याकाळी गोचिडी काढणं. गोचिडीतून येणारा ताप कुत्र्याचं रक्त पार आटवतो. दिवाळीत चार दिवस दारं-खिडक्या लावून, रेडिओ मोठा करून बसणं. आपल्याला ऐकू येतो त्याच्या दुपटीहून वरचा स्वर कुत्र्याला ऐकू येतो. आपल्या लवंगीने त्याच्या कानात काय होत असेल याचा हिशोब करवत नाही.

हिशोबाचं म्हणाल तर तो चोख आहे, जुनी सवय. महिन्याला अकरा-साडेअकरा हजार रुपये, आजारपण वेगळं. आणि वहीत न मांडलेला खर्च असा की मी आणि पत्नी अकरा वर्षांत कुठल्याही लग्नाला जोडीने गेलेलो नाही. एक जण अक्षता टाकतो, दुसरा भाकरी मोडतो. फोटोंच्या अल्बममध्ये आम्ही दोघं नेहमी विधुर-विधवांसारखे दिसतो, अशी आमच्या मेहुणीची तक्रार आहे.

एवढं प्रेम सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती खरी आहे. आमच्या समोर एक मावशी राहतात. वय पंचाहत्तरच्या पुढे. कुत्रं दिसलं की त्या थिजतात, ओरडतही नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ सात वर्षांचा असताना पिसाळलेलं कुत्रं चावून गेला. जखमेवर मिरची आणि चुना भरला होता. तालुक्याला न्यायचं, पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची, म्हणून घरच्यांनी आठवडा काढला. पुढे पाण्याचा पेला पाहून तो कसा करायचा, ते मावशींनी मला एकदाच सांगितलं. त्यांची भीती म्हणजे अडाणीपणा नव्हे. आमच्या चौघांची फिरण्याची वेळ त्यांच्या देवळाच्या वेळेला सोडून ठरवलेली आहे आणि फाटकाला दोन कड्या आहेत.

रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य. आणि त्याआधी उपचार झाले तर मरणं जवळजवळ अशक्य. इतकी सरळ रेघ फार थोड्या रोगांत असते. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, काहीही चोळायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पोटातली ती चौदा इंजेक्शनं केव्हाच इतिहासजमा झाली. पाश्चरने १८८५च्या जुलैत जोसेफ मायस्टर या मुलाला पहिल्यांदा लस टोचली, त्याला एकशे चाळीस वर्षं झाली. तरी आपल्याकडे या रोगाने माणसं मरतात, याची लाज मांजर-कुत्री पाळणाऱ्यांनी सगळ्यांत जास्त बाळगली पाहिजे.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा तंटा आजचा नाही. १८३२च्या जूनमध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून पारशी समाज रस्त्यावर उतरला, बाजार बंद पडले, दंगल झाली. पारशी धर्मात कुत्र्याला मृत्यूच्या वेळीही मान आहे. २०१९च्या पशुगणनेत देशात सुमारे दीड कोटी भटकी कुत्री मोजली गेली. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा असा आदेश दिला, आणि २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला: नसबंदी करा, लस टोचा आणि पिसाळलेली किंवा हल्लेखोर नसतील तर मूळ जागी सोडा, खायला घालायचं तर नेमून दिलेल्या जागीच. पुढे नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, स्थानकं अशा आवारांसाठी याहून कडक आदेश निघाला. या वादात दोन्हीकडे आवाज फार चढतात. मला एवढंच दिसतं की रस्त्यावरची पुष्कळशी कुत्री कुणाच्या तरी घरातून आली आहेत, किंवा तशा कुत्र्यांची ती पिल्लं आहेत. राणीचे मालक चांगले सुशिक्षित होते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गेल्या पावसाळ्यात ओळखीच्या एका मुलाने खोक्यातून महिन्याचं पिल्लू आणलं. ‘‘काका, चार आहेतच, पाचवं काय जड आहे?’’ पिल्लू अतिशय देखणं होतं. बँकेत गृहकर्ज देताना आम्ही अर्जदाराचं वय आणि परतफेडीची मुदत यांची बेरीज करायचो. बेरीज ठराविक आकड्याच्या पुढे गेली की माणूस कितीही सज्जन असो, अर्ज मागे जायचा. माझं वय सहासष्ट. त्या पिल्लाची मुदत चौदा वर्षं. बेरीज ऐंशी. मी माझा अर्ज नामंजूर केला आणि त्या पिल्लाला तिशीतलं एक जोडपं शोधून दिलं.

आमच्याकडे आता फक्त म्हातारी कुत्री येतात. भाऊसाहेबांचे मालक एकटे राहणारे गृहस्थ होते. ते गेले. मुलं चांगली होती, तेराव्यालाही आली. पण तिघंही दूरच्या शहरांत, छोट्या फ्लॅटमध्ये, दिवसभर घराला कुलूप. तेराव्यानंतर घर बंद झालं आणि दहा वर्षांचा कुत्रा बंद फाटकाबाहेर बसून राहिला. किल्लारीत पाहिलं होतं तसाच. फरक एवढाच की हे घर पडलं नव्हतं. आपल्या गावांत आणि शहरांत आता एकटी म्हातारी माणसं आणि त्यांना सोबत करणारी म्हातारी कुत्री अशी घरं वाढत आहेत. आधी कोण जाणार याचा भरवसा नसतो. कुत्रा आधी गेला तर दुःख माणसाचं असतं आणि त्याला भेटायला लोक येतात. माणूस आधी गेला तर काय, हे मृत्युपत्रात कुणी लिहीत नाही.

कॅशियर २००७ साली गेला. मूत्रपिंडं संपली होती. मी सलाईन लावा, आणखी एक दिवस बघू, असं म्हणत होतो. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, ‘‘साहेब, आता थांबतोय ते त्याच्यासाठी की तुमच्यासाठी?’’ पत्नीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, मी पाय धरले. खड्ड्यात मीठ घालून त्याला पेरूच्या झाडाखाली ठेवलं. अशी रजा त्याला देता आली, कारण आम्ही होतो. चौघांच्या वेळी आम्ही असूच असं नाही, आणि ही काळजी मला माझ्या रक्तदाबापेक्षा जास्त जागवते.

आपल्या कायद्यात कुत्र्याच्या नावावर पैसे ठेवता येत नाहीत. तो स्वतःच मालमत्ता. आता नोव्हेंबर २०२५पासून बँकेत एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात. माझ्याकडे नेमकी चार कुत्री आहेत, पण ती चालत नाहीत. तेव्हा सरळ मार्ग असा की माणूस शोधायचा, त्याला विचारायचं आणि त्याच्यासाठी पैसे ठेवायचे. मी तसं केलं. मुलगा पुण्यात असतो. राणी आणि बंड्या त्याच्याकडे जातील, सूनबाईंनी स्वतः होकार दिला आहे. चंपी आणि भाऊसाहेब यांना डॉक्टरांच्या दवाखान्यातला एक तरुण मदतनीस सांभाळेल. त्याला अंगण आहे आणि भाऊसाहेब त्याच्या हातून औषध घेतात. त्यासाठीची मुदत ठेव वेगळी काढली आहे आणि मृत्युपत्रात तशी दोन वाक्यं घातली आहेत. वकील हसले, पण त्यांनी लिहून दिलं. ज्यांच्या घरी साठीच्या पुढचे मालक आणि चार पायांचं कुणी आहे, त्यांनी हे एवढं या महिन्यात उरकावं, असं माझं सांगणं आहे. त्याला फार पैसा लागत नाही. एक माणूस लागतो.

आणि एक वही लागते. बँकेत बदली झाली की चार्ज द्यावा लागे. किल्ल्या, रोकड, शिक्के, अपुरी राहिलेली कामं, कुठला ग्राहक कसा, सगळं लिहून, मोजून, पुढच्याच्या हातात द्यायचं. नऊ वेळा मी चार्ज दिला. तसाच हा दहावा लिहून ठेवला आहे. चंपी: डाव्या बाजूने जवळ जाऊ नये, दिसत नाही. सांध्याची गोळी गुळाच्या खड्यात. बंड्या: ट्रकचा हॉर्न ऐकला की थरथरतो, हात पाठीवर ठेवावा, बोलू नये. राणी: मागेल ते देऊ नये. रिकामा ट्रक दारात उभा राहिला की जेवत नाही. त्या दिवशी कुणीतरी घरी थांबावं. भाऊसाहेब: संध्याकाळी साडेसहाला जुन्या घराच्या दिशेने तोंड करून बसतात. अर्धा तास. बसू द्यावं. समोरच्या मावशी: सकाळी सव्वासहाला देवळात जातात. तोवर चौघं आत.

ही वही पत्नीला तपासायला दिली, कारण औषधांची मात्रा तिला जास्त पाठ. तिने दोन आकडे दुरुस्त केले आणि शेवटच्या पानावर आपल्या अक्षरात पाचवी नोंद घातली. ‘लेखक: थंडीत खोकतो, मफलर लपवतो. कुत्री गेल्यावर सकाळचं फिरणं बंद करील. करू देऊ नये. रात्री एकटाच अंगणात उभा राहिला तर हाक मारावी, उत्तर देतो.’

चार्ज रिपोर्टवर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, अशा दोन सह्या लागतात. तिची झालेली होती. मी खाली माझी केली.